पाण्याला किती वेळ द्यावा

एडवर्ड मायब्रिज म्हटलं की डोळ्यांपुढे घोडा येतो. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे ओळीने कॅमेरे मांडून त्याने दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय क्षणभर जमीन सोडतात हे दाखवून दिलं आणि इतिहासात त्याची नोंद क्षण थांबवणारा माणूस अशी झाली. त्या घोड्याच्या सहा वर्षं आधीचं त्याचं काम मात्र फारसं कुणी काढून बघत नाही. १८७२ मध्ये तो काचेच्या मोठाल्या प्लेटा आणि रसायनं घेऊन योसेमिटीच्या दरीत हिंडला होता. तिथल्या व्हर्नल धबधब्याची त्याची चित्रं पाहिली की हा तोच माणूस का, असा प्रश्न पडतो. इथे एकही क्षण थांबवलेला नाही.

खडक आहेत, त्यांच्या भेगा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट आहेत. झाडं आहेत. कड्यावरून खाली येतं ते पाणी मात्र पाण्याच्या ओळखीच्या सगळ्या खुणा टाकून आलेलं आहे. थेंब नाही, तुषार नाही, लाट नाही. कड्याच्या कडेपासून तळापर्यंत नुसता अखंड पांढरेपणा. नजर खडकावर ठरते, पाण्यावर आली की घसरते, पुन्हा खडकाचा आधार घेते. चित्र बघण्यातला सगळा आनंद या जा-ये करण्यात आहे. खडक जितका कठीण, तितकं पाणी विरळ. दोघांपैकी एक काढून टाकलं तर दुसऱ्यात बघण्यासारखं काही उरत नाही.

त्या काळच्या ओल्या कलोडियन पद्धतीची ही मजबुरी होती, हे खरं. काचेवर रसायन चढवायचं, ते ओलं असतानाच कॅमेऱ्यात घालायचं, वाळायच्या आत तंबूतल्या अंधारात जाऊन धुवायचं. प्लेट मंद, निळ्या प्रकाशाला हावरी आणि हिरव्या-तांबड्याकडे जवळजवळ आंधळी. झाडीतल्या सावलीत कित्येक सेकंद लेन्स उघडी ठेवल्याशिवाय काही उमटायचंच नाही. मायब्रिजच्या अकरा वर्षं आधी, १८६१ मध्ये, कार्लटन वॉटकिन्स अठरा बाय बावीस इंचांच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन याच दरीत आला होता. त्याचंही पाणी असंच पांढरं आहे. पण दोघांचे पांढरे वेगळे आहेत, असं मला वाटतं. वॉटकिन्सचा धबधबा दरीच्या भूगोलातली आपली जागा धरून असतो. डोंगर केवढा, झाडं केवढी, त्यात हा एवढा, असं त्याचं चोख मोजमाप. मायब्रिज पाण्याकडे ओढला जातो आणि पाणी चौकटीत शिरजोर होतं. मजबुरी एकच असून एकाने ती चालवून घेतली आणि दुसऱ्याने तिचा उपयोग करून घेतला. हाच माणूस पुढे सेकंदाच्या बारीक तुकड्यासाठी झटला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. घोड्याला किती वेळ द्यायचा आणि पाण्याला किती, हे त्याने वेगवेगळं ठरवलं होतं.

आज आपल्या हातातला कॅमेरा सेकंदाचा आठ हजारावा भाग सहज टिपतो. मंदपणाच दुर्मीळ झाला. म्हणून आपण पैसे मोजून एक काळी काच विकत आणतो आणि लेन्सच्या तोंडावर बसवतो. एनडी फिल्टर म्हणतात तो हाच. त्याचं काम फक्त प्रकाश अडवणं, तेही सगळे रंग सारख्या प्रमाणात. तीन स्टॉपची काच आठवा हिस्सा प्रकाश आत सोडते, सहा स्टॉपची चौसष्टावा, दहा स्टॉपची साधारण हजारावा. दहा स्टॉपची काच डोळ्याला लावली तर दिवसाढवळ्या समोरचं जेमतेम दिसतं. भर उन्हात, आयएसओ १०० आणि एफ १६ वर, शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतं. ही काच लावली की तेच दहा सेकंदांवर जातं. ट्रायपॉड पक्का हवा, फोकस काच लावण्याआधीच करून बंद करायचा, जुन्या डीएसएलआरला व्ह्यूफाइंडरमधून मागून प्रकाश शिरतो तो झाकायचा. तंत्र एवढंच. संध्याकाळभरात हाताला बसतं. कठीण आहे ते पुढचं: दहा सेकंद का? दोन का नाहीत?

याचं उत्तर मला कुकडीने दिलं. पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर, अलीकडे टाकळी हाजी आणि पलीकडे निघोज, यांच्या मधून कुकडी जाते तिथे नदीचं पात्र काळ्या बेसॉल्टमध्ये खोल चिरलेलं आहे आणि त्यात रांजणखळगे आहेत. पुराच्या पाण्याबरोबर आलेले गोटे खाचेत अडकून गरगरत राहतात, खाच रुंद करतात, खोल करतात, आणि हजारो वर्षांनी तिचा रांजण होतो. दोन्ही काठांना मळगंगेची देवळं. पूर असताना यातलं काही दिसत नाही. पाऊस ओसरला, पाणी उतरलं, की खळगे उघडे पडतात आणि उरलेला प्रवाह त्यांच्यातून वाट काढत जातो. माथ्यावर सावली नाही, खडक काळा, फेस पांढरा आणि ऊन रखरखीत. काळ्या काचेची परीक्षा घ्यायला याहून कडक जागा नाही.

तिथली एकच चौकट निरनिराळ्या वेळांनी घेऊन शेजारी शेजारी ठेवावी. काच न लावता, पाचशेव्या भागात, पाणी ताठरतं. प्रत्येक शिंतोडा सुटा, कडा धारदार. डोळ्याला हे कधी दिसत नाही, म्हणून पहिल्यांदा नवल वाटतं आणि लगेच ओसरतं. कारण कुठला शिंतोडा महत्त्वाचा आणि कुठला फालतू, हे चित्र सांगतच नाही. पाव सेकंदाला धारा दिसू लागतात. खडकावरून घसरणारं पाणी आपल्या वाटेची रेघ मागे ठेवतं, आणि रेघांच्या जाडीवरून कुठे वेग आहे, कुठे पाणी दबून बसलंय, ते वाचता येतं. एक-दोन सेकंदांत रेघा एकमेकींत मिसळतात, पण दिशा टिकते. आणि दहाच्या पुढे एक वेगळीच गोष्ट होते. जे पाणी नुसतं वाहून जाणारं होतं ते धूसर होऊन जातं, आणि प्रवाहात जे ठाण मांडून बसलेलं असतं ते वर येतं.

हा मुद्दा जरा थांबून बघण्यासारखा आहे. दगडाच्या मागे नदीत एक उभी लाट असते. पाणी सतत बदलतं, लाट तिथेच असते. तिच्या पलीकडे भोवरा असतो; त्यातला फेस येतो-जातो, भोवरा हलत नाही. डोळ्याला हे जाणवतं खरं, पण चमचमाटात हरवतं, कारण नजर चकाकणाऱ्या थेंबामागे धावते. उघडं शटर तसं धावत नाही. ते बेरीज करत बसतं. ज्या जागी फेस पुन्हा पुन्हा येतो तिथे पांढरं साठतं, जिथे क्वचित येतो तिथे पुसट राहतं. नदीचं येणारं-जाणारं गाळून तिचं कायमचं रूप समोर येतं. लिओनार्दो दा विंचीच्या वहीत अडथळ्यावर आदळून वळणाऱ्या पाण्याची जी रेखाटनं आहेत, ज्यांत त्याने पाण्याच्या वळशांची तुलना केसांच्या बटांशी केली, त्यांना थेंबांशी देणंघेणं नव्हतं. तो असंच टिकून राहणारं रूप शोधत होता. त्याच्याजवळ काच नव्हती. नुसतं तासन्‌तास बघणं होतं.

निघोजच्या एखाद्या खळग्यात फेसाचा पुंजका फिरताना दिसला तर आधी तो एक फेरी किती वेळात पुरी करतो ते घड्याळावर बघावं. शटर त्याहून कमी वेळ उघडलं तर अर्धवट कंस येतो, आणि अर्धा कंस नेहमी चुकल्यासारखाच दिसतो. फेरी पुरी होऊ दिली की पूर्ण वर्तुळ येतं. त्या वर्तुळाला लागून रांजणाची कड असते, तीही गोल, तीही फिरण्यातूनच झालेली. आजच्या उथळ पाण्याचा भोवरा आणि पुरातला गोटे फिरवणारा भोवरा एक नव्हे, हे मान्य. तरी एकाच्या खुणेवर दुसऱ्याची खूण पडलेली त्या चित्रात दिसते. पांढऱ्याला लागले काही सेकंद आणि काळ्याला लागली हजारो वर्षं. खडक-पाणी यांचं जे नातं मायब्रिजच्या चित्रात शेजाराचं होतं, ते इथे कर्ता आणि कर्म असं होतं. या जागेच्या चित्रात मला यापेक्षा जास्त काही नको. वर निळं आभाळ तर नकोच. उन्हातल्या निघोजचं आभाळ चौकटीत घेतलं की खाली घडणारं नाट्य फिकं पडतं.

आता तक्रार. पावसाळा सरला की आपल्याकडे हौशी छायाचित्रकारांची प्रदर्शनं भरतात आणि भिंतीवर धबधब्यांची रांग लागते. सह्याद्रीचे धबधबे, हिरवे कडे, आणि मधोमध पिंजलेला कापूस. काळी काच नवी घेतलेली असते, म्हणून ती पुरी वसूल केलेली असते. तीस सेकंद! कोसळणाऱ्या पाण्याला तीस सेकंद दिले की त्यातली उंची मरते, वजन मरतं, आवाज मरतो. पांढरं इतकं साठतं की त्यात तपशील उरत नाही, आणि नंतर संगणकावर कितीही ओढाताण केली तरी नसलेला तपशील येत नाही. त्यात पाण्याबरोबर वाऱ्यावर हलणारी झाडंही पुसली जातात, म्हणजे नजरेने आधार घ्यायचा तो आधारही गेला. पावसाळी ढगाखालच्या घळीत प्रकाश आधीच एवढा मंद असतो की एफ ११ वर शटर पंधराव्या भागापर्यंत येतं. तिथे तीन स्टॉपची साधी काच लावली तर अर्धा सेकंद मिळतो, आणि बहुतेक धबधब्यांना तेवढं पुरतं. त्या जागी खरी गरज असते पोलरायझरची. ओल्या बेसॉल्टवर आभाळाची चकाकी बसलेली असते. ती काढली की खडक काळा होतो, शेवाळ हिरवं होतं आणि पाण्याला पाठीमागे काहीतरी घट्ट मिळतं. दीड-दोन स्टॉप प्रकाश तो खातो, तेही कामालाच येतं.

बेसॉल्टचा विषय निघाला म्हणून वॉटकिन्सचं आणखी एक चित्र सांगतो. १८६७ मध्ये तो ओरेगॉनमध्ये कोलंबिया नदीच्या खोऱ्यात गेला आणि तिथला मल्टनोमा धबधबा त्याने टिपला. हा धबधबा कोसळतो तो कडाही लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला, आपल्या सह्याद्रीसारखा. वयाने मात्र खूपच तरुण. उंची सहाशे फुटांच्या वर आणि पाणी त्या मानाने सडपातळ. मोठ्या उंचीवरून उतरणारी ती बारीक पांढरी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंचा गर्द काळोख बघताना आपल्याकडच्या एखाद्या पावसाळी कड्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कलोडियनला हिरवं दिसत नव्हतं म्हणून झाडी काळी पडली. पण त्या काळ्यामुळेच रेघ उठते. आपल्या रंगीत चित्रांत हिरवं इतकं माजलेलं असतं की पाण्याला उठायला जागाच राहत नाही. सह्याद्रीचे धबधबे कधीतरी कृष्णधवलात बघावेत ते यासाठी.

मग दहा स्टॉपची काच कशासाठी? समुद्रासाठी, सरोवरासाठी, रुंद संथ पात्रासाठी. इथे मायकेल केन्नाचं नाव घ्यावंच लागतं. १९५३ साली इंग्लंडमध्ये विडनेसला जन्मलेला हा छायाचित्रकार वर्षानुवर्षं जपानला जातो, फिल्मवर काम करतो, आणि रात्री कधीकधी कित्येक तास लेन्स उघडी ठेवतो. त्याचे प्रिंट लहान, चौकोनी, जेमतेम आठ इंचांचे. भिंतीपासून दूर उभं राहून ते दिसत नाहीत. जवळ जावं लागतं. बिवा सरोवराच्या पाण्यात उभ्या असलेल्या तोरीचं त्याचं चित्र घ्या. तोरी म्हणजे शिंतो देवस्थानाचं प्रवेशद्वार. नदीतल्यासारखी ठाण मांडून बसलेली लाट सरोवरात नसते. प्रत्येक लाट जागा बदलते, म्हणून लांब बेरजेत सगळ्या लाटा एकमेकींना पुसतात आणि सपाट करडा रंग उरतो. म्हणजे पाण्याने स्वतःचं रूप सोडून दिलं. अशा वेळी चौकटीतल्या उरलेल्या एकुलत्या एक गोष्टीवर सगळा भार येतो. केन्ना ती एक गोष्ट निवडण्यात चुकत नाही, ही त्याची थोरवी. दार आहे, पण पलीकडे वास्तू नाही, आणि अलीकडे उभं राहायला जमीन नाही. शटर दोन सेकंदच उघडं असतं तर लाटांची लगबग मधे आली असती आणि दाराचं हे एकाकीपण हरवलं असतं. इथे मिनिटांचा वेळ शोभून दिसतो, कारण त्याने काहीतरी काढून टाकलं आहे.

कोकणात हे करून बघायला हरिहरेश्वरचा खडकाळ किनारा आहे. लाटांनी खाऊन खाऊन जाळी झालेल्या कातळावर भरतीचं पाणी चढतं आणि दोन मिनिटांच्या चित्रात कातळाच्या फटींत धुकं साचल्यासारखं दिसतं. पण तिथे समुद्राकडे पाठ करून, कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घालून उभं राहू नये. प्रदक्षिणेच्या वाटेवरून लाटांनी माणसं ओढून नेलेली आहेत. भरती-ओहोटीची वेळ बघून जावं आणि ट्रायपॉडपेक्षा स्वतःचा जीव आधी आवरावा.

पाणी सोडून हीच युक्ती माणसांना लावली ती अलेक्सेई तितारेंकोने. १९९१ ते १९९४ या काळात, सोव्हिएत राज्य कोसळत असताना, त्याने सेंट पीटर्सबर्गच्या मेट्रो स्टेशनाबाहेरची गर्दी लांब वेळ टिपली. जिन्यावरून लोंढा धुरासारखा चढतो आणि कठड्यावर मात्र हात दिसतात, कारण कठडा धरलेला हात क्षणभर थांबतो. ते हात काढा, चित्र संपलं. १८३८ मध्ये दागेरने पॅरिसचा रस्ता टिपला तेव्हा सगळी रहदारी नाहीशी झाली आणि बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस तेवढा उमटला, ती गोष्ट याच जातीची. जो थांबतो तोच चित्रात राहतो.

या प्रकाराला खोटेपणा म्हणणारे रसिक आहेत. पाणी असं दिसतच नाही, म्हणतात. नाहीच दिसत. पण हवेत गोठलेला थेंब तरी कुणी उघड्या डोळ्यांनी पाहिलाय? होकुसाईने साधारण १८३१ मध्ये पंजे काढून उभी राहिलेली लाट छापली, गुस्ताव्ह ल ग्रेने १८५७ मध्ये सेतच्या किनाऱ्यावर मोठी लाट पकडली (आभाळ आणि समुद्र दोन वेगळ्या निगेटिव्हांवर घेऊन, बरं का), आणि तेव्हापासून आपल्याला वेगवान पाणी खरं वाटू लागलं. आपल्या लघुचित्रकारांनी नदी लहरत्या रेघांनी काढली, कधी तिला चांदी लावली. ती चांदी आता काळवंडली आहे, रेघा शाबूत आहेत. त्यांना कुणी खोटं म्हटलेलं ऐकलं नाही.

बाकी अडचणी किरकोळ आहेत. स्वस्तातली काच सगळे रंग सारखे अडवत नाही, चित्रावर तपकिरी किंवा जांभळट झाक येते. कृष्णधवलात ती आपोआप मिटते. वेल्डिंगची काच लावून बघणारे हिकमती लोक आहेत, त्यांचं सगळं हिरवं येतं. मिनिटांच्या पुढे गेलं की कॅमेऱ्याचा सेन्सर तापून दाणे येतात. फिल्मवाल्यांचा हिशेब आणखी वेगळा, कारण लांब वेळात फिल्म सुस्तावते आणि वेळ वाढवून द्यावा लागतो. फुजीची ॲक्रॉस १०० मात्र दोन मिनिटांपर्यंत सवलत मागत नाही, म्हणून या छंदातल्या लोकांनी तिला डोक्यावर घेतलं.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना आणि चित्र लावणाऱ्यांना एक विनंती आहे. पाण्याच्या चित्राखाली तुम्ही कॅमेऱ्याचं नाव लिहिता, लेन्स लिहिता, ठिकाण लिहिता. त्यातलं कॅमेऱ्याचं नाव गाळलं तरी बघणाऱ्याचं काही अडत नाही. त्या जागी शटर किती वेळ उघडं होतं ते लिहा, आणि तेवढाच वेळ का दिला तेही एका ओळीत लिहा. ती ओळ लिहिता येत नसेल तर चित्र अजून भिंतीवर लावायच्या लायकीचं झालेलं नाही.